दीडशे डॉलरचा स्कोप आणि फुकटच्या रिंगा

मी इंदूरला एका कस्टम ब्रोकरकडे डॉक्युमेंटेशन बघतो. रोजचं काम पीथमपूरचं, ऑटो पार्ट्स, औषधं, सोयाबीनची डीओसी म्हणजे तेल काढलेली पेंड. लोकांना वाटतं कस्टम म्हणजे बॅगा उघडून बघणं, पण आमच्याकडे सगळं मालाच्या आठ आकडी कोडवर चालतं. कोड बसला तर माल सुटला, नाही बसला तर बसा मग फोन लावत.

तर राजेंद्र नगरचे एक काका आहेत, बाबांच्या ओळखीचे. त्यांची मुलगी एअर रायफल मारते, पण नेहमीचा इव्हेंट नाही, रनिंग टार्गेट. म्हणजे टार्गेट आडवं पळतं आणि चालत्यावर नेम धरायचा. १९९२ ते २००४ दहा मीटरचा हा प्रकार ऑलिंपिकमध्ये होता, मग काढला, आता कोणाला माहीतही नसतो. बाकीच्या रायफल इव्हेंटना स्कोप चालत नाही, पीप साईटमधूनच, म्हणजे बारीक भोकातूनच बघायचं. रनिंग टार्गेटला मात्र चालतो, दहा मीटरला चारपट मोठं दाखवणारा, त्याच्यावर नाही. तर हा चार पॉवरचा स्कोप तिला हवा होता, आणि काकांचा भाचा न्यू जर्सीला. काकांनी त्याला घ्यायला सांगितला, त्याने घेतलाही, आणि पार्सल करायच्या आदल्या रात्री काकांना आठवलं की अरे आपला तो पोरगा कस्टममध्ये आहे ना, विचारून तर घेऊ.

मी लिंक उघडली तर स्कोप पॉइंट टू टू बोअरच्या बंदुकीचा म्हणून विकायला ठेवलेला. म्हटलं, भाचेबुवा, थांबा. अमेरिकेतून बंदुकीचा स्कोप बाहेर पाठवणं म्हणजे एक्सपोर्ट, आणि त्यांच्या कॉमर्स खात्याच्या यादीत तो ०ए५०४ मध्ये येतो. मार्च २०२० मध्ये त्यांनी बऱ्याचशा बंदुका परराष्ट्र खात्याच्या यादीतून काढून कॉमर्सकडे दिल्या, तेव्हाच हा नंबर आला. भारतात पाठवायचा तर लायसन्स, लायसन्सला वापरणार कोण ते कागद, आणि एवढं एका स्कोपसाठी कोणता दुकानदार करणार. तो म्हणे, "दादा, पण हा मेड इन चायना आहे, अमेरिकेचा काय संबंध?" अरे संबंध आहे ना. माल कुठे बनला हा एक प्रश्न आणि आत्ता कुठे उभा आहे हा दुसरा. अमेरिकेच्या जमिनीवर असलेली कुठलीही वस्तू बाहेर निघताना त्यांच्याच नियमाखाली येते, मग ती शेनझेनची असो नाहीतर सांवेर रोडची. काकांचं पुढचं म्हणणं, मग बॅगेत टाकून आण. बॅगेतून आणला तरी एक्सपोर्टच की. हे "बॅगेत टाकून आण" मी इंदुरात इतक्या सुशिक्षित लोकांकडून ऐकलंय की आता हसूही येत नाही.

भाच्याने तो परत केला. मग काकांनी तसाच स्कोप थेट चीनच्या विक्रेत्याकडून मागवला, दीडशे डॉलर, कुरिअरचे साठ वेगळे.

इथे लोकांचा हिशेब नेहमी चुकतो म्हणून लिहितो. काकांकडे आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर नाही, म्हणून माल पर्सनल इम्पोर्ट, कोड ९८०४. तेव्हा बेसिक ड्युटी ३५ टक्के, त्यावर दहा टक्के सरचार्ज म्हणजे साडेतीन, आणि या सगळ्यावर आयजीएसटी २८. शंभर रुपयाच्या मालाला ७७.२८ रुपये. पण शंभर कशाचे? फक्त मालाचे नाहीत, भाडं आणि विमाही धरायचा. आता यात एक गंमत आहे जी कुरिअरवाले कधी सांगत नाहीत, हवाई मालाचं भाडं किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. म्हणजे साठ डॉलर दिले तरी तीसच धरायचे. विम्याचा कागद नसला तर १.१२५ टक्के. झाले साधारण १८१ डॉलर ७० सेंट, त्यावर ड्युटी १४० च्या आसपास. कुरिअरच्या माणसाने साठच्या साठ लावून चेकलिस्ट, म्हणजे ड्युटीच्या हिशेबाचा कच्चा कागद पाठवली होती, मी नियम लिहून मेल केला तेव्हा गुपचूप बदलली, सॉरी वगैरे काही नाही.

हे निस्तरलं तोवर मुंबईच्या कुरिअर टर्मिनलवर क्वेरी पडली. "पार्ट्स ऑफ आर्म्स, परवाना दाखवा." झालं. कुरिअरच्या हेल्पलाइनवर ती मुलगी एकच वाक्य बोलते, "सर आपका शिपमेंट कस्टम में है," हे मला माहीत आहे ताई, मी कस्टमचंच काम करतो. शेवटी सहारला एक जुना मित्र आहे त्याला धरला.

उत्तर माझ्याकडे तयार होतं. टॅरिफमध्ये, म्हणजे कोडच्या पुस्तकात, ९३ वं प्रकरण शस्त्रांचं, त्याच्या सुरुवातीच्याच टिपेत लिहिलंय की दुर्बिणी आणि असली ऑप्टिकल साधनं बंदुकीवर बसवलेली नसतील किंवा तिच्याबरोबर आलेली नसतील तर इथे नाही, ९० मध्ये. सुटा स्कोप म्हणजे ९०१३. हा मुद्दा मी दोन परिच्छेदांत लिहिला, टिपेचा नंबर, उपनंबर, सगळं, आणि खरं सांगतो, लिहून झाल्यावर पुन्हा वाचायला छान वाटलं. मित्राचा रात्री फोन आला, "अरे स्कोपबद्दल तो ऑफिसर काही म्हणतच नाहीये. तो रिंगांबद्दल विचारतोय."

कुठल्या रिंगा? इनव्हॉइसवर नव्हत्या. मित्राने फोटो पाठवला. विक्रेत्याने प्रेमाने दोन माउंट रिंगा, म्हणजे स्कोप बंदुकीवर बसवायच्या कड्या, फुकट टाकल्या होत्या, काळ्या, खाली रुंद पिकॅटिनी पकड, म्हणजे खऱ्या बंदुकीच्या रेलवर आवळायच्या. मी फोटो मुलीला पाठवला. तिचं लगेच उत्तर, "दादा, या मला नकोतच, माझ्या रायफलीला ११ मिलिमीटरचा डव्हटेल आहे, अरुंद खाच, या त्यावर बसणारच नाहीत." जी वस्तू तिला नको, जिचे पैसे कोणी दिले नाहीत, तिच्यापायी सगळं अडकलेलं. आणि ९८०४ मध्ये बसायचं तर वस्तूवर आयातीची मनाई लागू नसावी लागते, म्हणजे रिंगा शस्त्राचा भाग ठरल्या की प्रश्न परवान्याचा.

तो ऑफिसर हुशार होता हे मानावं लागेल. बाकीचे बाहेरचं लेबल वाचतात, याने डबा उघडून रिंगेची पकड बघितली. पण क्वेरीत नुसतं "पार्ट्स ऑफ आर्म्स" न लिहिता "रिंगा" एवढा एक शब्द टाकला असता तर माझे दोन परिच्छेद आणि काकांचा रक्तदाब दोन्ही वाचले असते.

मग कस्टम्स ॲक्टच्या कलम २३ चा रस्ता धरला, क्लिअरन्सची ऑर्डर व्हायच्या आत मालक मालावरचा हक्क सोडू शकतो. काकांनी रिंगांवरचा हक्क सोडल्याचं पत्र दिलं. सही करताना म्हणाले, "अरे पण फुकटच्याच होत्या ना, मग सोडायच्या कशाला?" काय बोलणार. स्कोपची ड्युटी भरली, टर्मिनलचे चार्जेस वेगळे, आणि दीडशे डॉलरची वस्तू साडेतीनशेच्या वर जाऊन घरी आली. डव्हटेलच्या रिंगा तिच्या कोचकडे एक जोडी पडून होती.

माझ्या डोक्यातून ते जात नाही ते वेगळंच. हक्क सोडला म्हणून त्या रिंगांचा कोड कोणी ठरवलाच नाही. आमचे सर म्हणतात बंदुकीला आवळायची वस्तू, सरळ ९३०५, शस्त्राचा भाग, वाद कसला. माझं म्हणणं, रिंग धरते कशाला? स्कोपला. मग ती स्कोपची ॲक्सेसरी का नाही, ९०१३ ९०? सरांचं उत्तर, स्कोपला धरते आणि बंदुकीवर बसते, तू अर्धीच रिंग बघतोयस. तेही खोटं नाही. लेखी ऑर्डर झाली असती तर अपिलात जाता आलं असतं, पण फुकटच्या रिंगांसाठी कोण लेखी मागतो, आणि ऑफिसरही कशाला देईल.

सध्या एवढंच केलंय की स्कोपबद्दल कोणी विचारलं तर आधी सांगतो, ऑर्डर देतानाच विक्रेत्याला लिहा, डब्यात स्कोप सोडून काहीही टाकायचं नाही, भेट म्हणूनसुद्धा.