चोख भरलेला तक्ता

पहिल्या भेटीच्या शेवटी, उठता उठता, अनेक जण मला विचारतात, ‘‘तुम्ही नेमकी कोणती थेरपी करता?’’ प्रश्न रास्त आहे. आपले मन ज्या व्यक्तीसमोर उघडायचे ती त्याचे काय करणार आहे, हे जाणून घेण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. मी ‘एकात्मिक’ असे उत्तर देते. पण त्या एका शब्दाने त्यांच्या पदरात फारसे काही पडत नाही, हे चेहऱ्यावर दिसते. म्हणून हे उत्तर एकदा सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

एकात्मिक म्हणजे सगळ्यातले थोडे थोडे, असा समज सर्रास आढळतो, आणि काही वेळा आमच्या व्यवसायातले कामही तसेच चालते, हे खेदाने मान्य करावे लागते. एका आठवड्यात श्वासाचा व्यायाम, दुसऱ्यात बालपणीच्या आठवणी, तिसऱ्यात समोरच्या रिकाम्या खुर्चीत कुणी बसले आहे असे मानून त्या व्यक्तीशी संवाद, आणि यांतले काहीच शेवटास नेलेले नाही. क्लायंटला हे वैविध्य वाटते, पण प्रत्यक्षात थेरपिस्ट गोंधळलेली असते. सुरुवातीच्या वर्षांत मीही असेच काम केले आहे. एखादे सत्र अवघड झाले, की पुढच्या सत्रात नवे तंत्र काढायचे. ते समोरच्या माणसाला हवे होते की मला, हे मी तेव्हा स्वतःला विचारत नव्हते.

वेगवेगळ्या उपचारपद्धतींना जोडणारा विचार तसा जुना आहे. परस्परांशी वाद घालणाऱ्या पद्धतींमध्ये काही समान घटक दडलेले असतात आणि गुण बहुधा त्यांच्यामुळे येतो, असे मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ मध्येच मांडले होते. पॉल वॉक्टेल यांनी १९७७ मध्ये मनोविश्लेषण (मनात नकळत दडलेल्या गोष्टींचा शोध) आणि वर्तनोपचार (आजचे वागणे थेट बदलण्यावर भर) या दोन तटांमध्ये पूल बांधण्याचा गंभीर प्रयत्न केला. अर्नोल्ड लॅझरस यांचे म्हणणे वेगळे होते : तंत्रे कुठूनही घ्यावीत, पण सिद्धान्तांची सरमिसळ करू नये. स्टॅन्ली मेसर यांनी आणखी एक वाट दाखवली. एका पद्धतीत पाय घट्ट रोवावेत आणि तिथे उभे राहून इतर पद्धतींतले आत सामावून घ्यावे. मात्र असे आत आलेले तंत्र पूर्वीचे राहत नाही, त्याचा अर्थ नव्या घराप्रमाणे बदलतो, याचे भान ठेवावे. मी या वाटेने जाते. माझे घर म्हणजे कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या अटी : समानुभूती, बिनशर्त स्वीकार आणि थेरपिस्टने आतबाहेर एकसारखे असणे. अशा नात्यात जे घडते त्याकडे पाहणे हे माझे मूळ काम आहे. विचारांचे तक्ते, वर्तनाचे प्रयोग, शरीराकडे लक्ष देण्याच्या रीती हे सगळे या घरात पाहुणे म्हणून येते, आणि प्रत्येक पाहुण्याला मी एकच गोष्ट विचारते : या व्यक्तीसाठी, आत्ता, तूच का? याचे उत्तर मला साध्या भाषेत देता आले नाही, तर ते तंत्र मी वापरत नाही.

पहिल्या दोन-तीन भेटींत मी उपचार असा फारसा करत नाही. त्रास केव्हापासून आहे, कशाने वाढतो, कशाने थोडा उतरतो, झोप आणि भूक कशी आहे, पूर्वी मदत घेतली होती का आणि तिथे काय आवडले नव्हते, हे विचारते. जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ शब्दांत विचारते. हा प्रश्न विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. गोपनीयता कुठपर्यंत आहे आणि जिवाला धोका असेल तर ती कुठे थांबते, हे पहिल्याच दिवशी सांगते. थायरॉइडच्या बिघाडानेही मन खिन्न होते आणि थकवा येतो, त्यामुळे डॉक्टरांकडून तपासणी झाली नसेल तर आधी तिकडे पाठवते. मग आम्ही दोघी किंवा दोघे मिळून एका कागदावर त्रासाचा नकाशा काढतो. त्यात माझ्या पुस्तकी संज्ञा नसतात, क्लायंटचेच शब्द असतात. ‘छातीत दगड’ असे कुणी म्हणाले तर नकाशावर ‘छातीत दगड’ असेच येते.

पुढे जे सांगते आहे ते कुणा एका व्यक्तीचे वर्णन नाही. अनेकांच्या अनुभवांतून, ओळख पटू नये अशा बेताने, मी ते जुळवले आहे.

चाळिशीतल्या एक बाई झोप लागत नाही म्हणून आल्या. पहाटे तीनला जाग येई आणि दिवसभरात कामावर कोण काय बोलले याची उजळणी सुरू होई. कुणाला ‘नाही’ म्हणता येत नसे. इतरांची कामे अंगावर घ्यायच्या, मनातून चिडायच्या आणि मग चिडल्याबद्दल स्वतःला दोष द्यायच्या. विचारांवर काम करावे, असे मला वाटले. एरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्यावर काम करताना जी रीत विकसित केली, तिच्यातला विचारांचा तक्ता मी त्यांना दिला : प्रसंग कोणता, मनात आपोआप आलेला विचार कोणता, भावना कोणती आणि शून्य ते शंभरात किती, त्या विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध बाजूचा पुरावा, आणि शेवटी अधिक समतोल विचार.

पुढच्या भेटीला तक्ता चोख भरून आला. त्याच्या पुढच्याही भेटीला. अक्षर सुंदर, एकही रकाना रिकामा नाही, समतोल विचार असा की शिकवताना उदाहरण म्हणून वापरावा. झोप मात्र होती तिथेच होती.

चौथ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की त्यांच्या सत्राची मी आनंदाने वाट पाहते. अशा जाणिवेला मी माहिती समजते. माझ्या पर्यवेक्षकांसमोर, म्हणजे ज्यांच्याशी मी माझ्या कामाची नियमित चर्चा करते त्या अनुभवी थेरपिस्टसमोर, मी हे मांडले, तेव्हा त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, ‘‘हे तक्ते त्या कुणासाठी भरतात?’’ त्या एका प्रश्नाने चार आठवड्यांचे काम मला वेगळे दिसू लागले. ज्या सवयीने त्यांची झोप उडवली होती, ती सवय आमच्या खोलीत गृहपाठाचे रूप घेऊन बसली होती, आणि मी दर आठवड्याला मान डोलावून तिला खतपाणी घालत होते.

आता हे सांगायचे कसे? एखाद्या जुन्या वळणाच्या मनोविश्लेषकाने कदाचित अर्थ लावून समोर ठेवला असता. केवळ तक्त्यांवर विश्वास असलेल्या थेरपिस्टने कदाचित पाचवा तक्ता दिला असता. मी म्हटले, ‘‘तुम्ही इतक्या मनापासून हे भरून आणता, आणि मला ते पाहून बरे वाटते. पण मला बरे वाटावे ही जबाबदारी तुमच्यावर तर पडत नाही ना, असा विचार माझ्या मनात आला. मी चूकही असेन.’’ बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, ‘‘माझं काही चुकलं का?’’

त्या प्रश्नात सारे काही होते. तो प्रश्न कुठे, किती वर्षांपासून विचारला जात आहे, याकडे आम्ही वळलो. आई सतत आजारी, घरातल्या मोठ्या माणसांच्या मनाचा अंदाज घेऊनच दिवस सुरू व्हायचा, आणि थोरल्या मुलीने काही मागितले नाही की घर शांत राहायचे. आपल्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या जवळ राहण्यासाठी मूल स्वतःला त्या माणसाच्या मापात बसवते, हे जॉन बोल्बी यांच्या अनुबंधाच्या सिद्धान्तामुळे आम्हाला नीट कळते. त्या मुलीचे वागणे शहाणपणाचे होते. तिच्यापाशी दुसरा मार्ग नव्हता. हे त्यांना माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतःच्या तोंडून ऐकणे महत्त्वाचे होते, म्हणून मी थांबून राहिले.

पण केवळ बालपण समजले म्हणून कुणी सोमवारी सकाळी ‘नाही’ म्हणू लागत नाही. इथे मला वॉक्टेल यांचा विचार फार मोलाचा वाटतो. भूतकाळ आत कुठेतरी गोठून पडलेला असतो म्हणून तो आपल्याला छळतो, असे ते मानत नाहीत. आजच्या वागण्यातून तो रोज नव्याने घडवला जातो, असे ते दाखवतात. या बाई होकार देत, म्हणून लोक आणखी कामे आणून देत. त्यातून चीड येई, चिडीतून अपराधीपणा येई, आणि अपराधीपणा फेडण्यासाठी पुन्हा होकार दिला जाई. हे चक्र तीस वर्षांपूर्वी सुरू झाले होते, पण ते चालू ठेवणारे इंधन याच आठवड्यातले होते. म्हणून चक्राला आजच्या जागी हात घालावा लागतो, आणि तिथे वर्तनाचा छोटा प्रयोग उपयोगी पडतो. मी सुचवले की पुढच्या वेळी तक्ता मुद्दाम अर्धवट ठेवावा, किंवा आणूच नये, आणि माझ्या दारापाशी येताना शरीरात काय होते ते पाहावे.

त्या रिकाम्या हाताने आल्या. आणि मी चूक केली. मी पटकन म्हणाले, ‘‘वा, छान!’’ त्यांनी बारीकसे स्मित केले आणि पुढचा अर्धा तास अगदी नीटनेटकी उत्तरे दिली. अवज्ञेलाही मी गुण देऊन टाकले होते. म्हणजे तक्ता न आणणे हाही माझ्यासाठी केलेला गृहपाठ ठरला. सत्र संपायला दहा मिनिटे असताना मी हे बोलून दाखवले, चूक माझी होती असे स्पष्ट म्हटले, आणि त्या वेळी त्यांना काय वाटले ते विचारले. ‘‘थोडा राग आला,’’ त्या म्हणाल्या. इतक्या आठवड्यांत माझ्याबद्दलचा राग पहिल्यांदाच शब्दांत आला होता.

जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर मुरान यांनी नात्यातल्या अशा तड्यांचा आणि त्यांच्या सांधण्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. तडा नेहमी भांडणाच्या रूपात दिसत नाही. पुष्कळदा तो अतिशय सभ्य सहमतीच्या रूपात येतो, आणि तोच ओळखायला कठीण असतो. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या सहकार्याचे तीन भाग सांगितले : ध्येयावर एकमत, कामावर एकमत आणि परस्परांमधला बंध. आमच्याकडे पहिले दोन इतके उत्तम होते की तिसरा पोकळ आहे, हे झाकले गेले. या सहकार्याचे महत्त्व मी फुगवून सांगत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मेटा-विश्लेषणात २९५ अभ्यास एकत्र पाहिले गेले, आणि सहकार्य व उपचाराचा परिणाम यांच्यातला सहसंबंध सुमारे ०.२८ आढळला. म्हणजे परिणामांतल्या फरकाचा साधारण ८ टक्के भाग त्याच्याशी जोडता येतो. आकडा लहान वाटेल, पण निरनिराळ्या पद्धतींमध्ये तो टिकून राहतो, आणि मला तो पुरेसा वाटतो.

याचा अर्थ प्रत्येक वेळी नात्याकडेच पाहावे, असा नाही. सक्तीचे विचार आणि सक्तीच्या कृती, म्हणजे ओसीडी असलेली व्यक्ती आली, तर भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे आणि ती कृती करण्यापासून स्वतःला रोखणे, ही चांगली तपासली गेलेली रीत आहे आणि ती मी पातळ करत नाही. हात न धुता बसलेल्या माणसाची घालमेल पाहणे थेरपिस्टलाही जड जाते. अशा वेळी ‘लहानपणी काय झाले होते?’ असे विचारून दोघांनीही सुटका करून घेणे फार सोपे असते. एकात्मिक या शब्दाआड मी असे पळून जाऊ नये, यासाठी मी स्वतःवर लक्ष ठेवते. जे तंत्र रीतसर शिकलेले नाही ते वापरत नाही. ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन आघाताच्या आठवणींवर काम करण्याची पद्धत, तिचे प्रशिक्षण मी घेतलेले नाही, त्यामुळे ज्यांना ते हवे त्यांना प्रशिक्षित सहकाऱ्यांकडे पाठवते.

वेळेचाही प्रश्न असतो. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी १९८३ मध्ये बदलाच्या टप्प्यांविषयी जे मांडले, त्यातून मी एक गोष्ट घेतली : जो माणूस बदलावे की नाही याच विचारात आहे, त्याच्या हातात कृतीची योजना देऊ नये. त्याच्या दुविधेतल्या दोन्ही बाजूंना आधी नीट बोलू द्यावे.

दर काही आठवड्यांनी मी पीएचक्यू-९ सारखी, नैराश्याची तीव्रता मोजणारी छोटी प्रश्नावली भरून घेते. नऊ प्रश्न, शून्य ते सत्तावीस गुण. ज्यांना माझी मर्जी राखायची असते, त्यांचे गुण छान उतरतात. त्यामुळे या बाईंच्या बाबतीत मी आकड्यांपेक्षा पहाटेच्या तीनकडे अधिक लक्ष दिले. ती जाग हळूहळू, सलग नव्हे, मागेपुढे होत कमी झाली. मधल्या काळात त्यांनी एकदा सत्र रद्द केले आणि कारण दिले नाही. मी ते विचारले नाही, याचे मला आजही समाधान आहे.

शेवटाची तारीख आम्ही सहा आठवडे आधी ठरवली, कारण निरोपही नीट घ्यायचा असतो, आणि ज्यांना कुणाला दुखवायचे नसते त्यांना निरोप विशेष जड जातो. अखेरच्या भेटीत मी आमच्या कामाचा आढावा मांडला. त्या दिवशी मी चूक कबूल केली आणि त्यांना राग व्यक्त करता आला, तिथे वळण आले, असे मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. ‘‘नाही, मला तसं नाही वाटत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पहिल्या दिवशी तुम्ही नकाशावर माझेच शब्द लिहिलेत ना, तेव्हा.’’ त्या गेल्यानंतर मी टिपणातले माझे वाक्य खोडले आणि त्याच्या जागी त्यांचे वाक्य लिहिले.