जुलाब नव्हतेच ते

गोव्यातल्या मयेच्या त्या घरी मी महिन्यातून एकदा बाईंना बी-१२चं इंजेक्शन द्यायला जाते. बाई मराठी प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली. त्या दिवशी इंजेक्शनची तारीख नव्हती. सकाळीच सुनेचा फोन आला. "सिस्टर, आई परवापासून अंगावर धावून येतात. मुलालाही ओळखत नाहीत. वर जुलाब लागलेत."

अल्झायमर असा दोन दिवसांत वाढत नाही. माणूस एकाएकी बदलला की शरीरात दुसरं काही बिघडलंय असं धरूनच शोधायचं. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमीजास्त होणं, नवीन औषध आणि पोट. पोटाचं सहसा कुणी विचारत नाही.

मुलगा वेर्ण्याला कारखान्यात आहे. आईसाठी रात्र रात्र वाचत बसतो. महिनाभर तो त्यांना महागड्या प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या, कॅप्सूल देत होता. "आतड्यातल्या जिवाणूंचा आणि अल्झायमरचा संबंध सापडलाय, सिस्टर." खोटं नव्हतं ते. २०१७ साली विस्कॉन्सिनच्या संशोधकांना अल्झायमरच्या रुग्णांच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार कमी आढळले. २०२३ मध्ये आयर्लंडच्या कॉर्कमधल्या गटाने रुग्णांच्या विष्ठेतले जिवाणू तरुण उंदरांच्या पोटात सोडले, तर ते उंदीर स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मागे पडले. हे वाचून माझ्याही अंगावर काटा आला होता. पण माणसात जिवाणूंमुळे आजार येतो, की आजाराने खाणंपिणं बिघडून जिवाणू बदलतात, हे अजून सुटलेलं नाही. कॅप्सूलने आजार मागे फिरतो, हेही सिद्ध झालेलं नाही.

जुलाब कॅप्सूलचे असावेत असं वाटून घरच्यांनी दोन दिवस जुलाब बंद करायची गोळी दिली होती.

मी डायपर उघडून बघितला. तपकिरी पाणी, थोडं थोडं, सतत झिरपलेलं. पोटात डावीकडे खाली हाताला ओल्या मातीच्या ढेकळांसारखं घट्ट लागलं, आणि बेंबीखाली मूत्राशय फुगून वर आलेलं. डॉक्टरांना फोन लावून सांगितलं, त्यांनी आत तपासायला सांगितलं. बाईंना डाव्या कुशीवर घेतलं, हातमोजा, झायलोकेन जेली. बोट आत जेमतेम गेलं आणि अडलं. सुकून घट्ट झालेल्या शौचाचा खडा. वरचं पातळ तेवढं त्याच्या कडेने वाट काढत होतं आणि घरचे त्याला जुलाब म्हणत होते.

तासभर लागला. आधी बोटाने थोडा थोडा फोडून काढला, मग डॉक्टरांनी सांगितलेला एनिमा. दर वेळी "बाई, आता थोडं दुखेल" असं सांगत होते. त्या मला शिव्या देत होत्या, सून त्यांचा हात धरून रडत होती. खडा सुटल्यावर लघवीही आपोआप मोकळी झाली.

मग फाइल काढली. दीड महिन्यापूर्वी लघवी सारखी होते म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी गोळी सुरू केलेली. बाईंचं अल्झायमरचं औषध, डोनेपेझिल, मेंदूत निरोप पोचवणाऱ्या ज्या ॲसिटिलकोलीन या रसायनाला जपतं, त्याचंच काम ही गोळी अडवते. आतडं हलतं तेही त्याच्याच जोरावर. सारखी लघवी हा डोनेपेझिलचाही परिणाम असू शकतो. दोन्ही चिठ्ठ्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत होत्या, कुणी शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या. मीसुद्धा नाही. दहा दिवसांपूर्वी इंजेक्शन देऊन गेले तेव्हा "शौचाला होतंय ना?" एवढं विचारायला मला काय झालं होतं? डायपर वाचावा म्हणून दुपारनंतर पाणी बंद केलंय, हेही तेव्हाच कळलं असतं. सुनेला मी बोल लावणार नाही. तिच्या रात्री कशा जातात ते मी बघितलंय.

नेहमीच्या डॉक्टरांनी ती लघवीची गोळी लगेच बंद करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी बाईंनी पेज मागितली, मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि मुलाला नावाने हाक मारली.

रात्री त्याचा फोन. "कॅप्सूल लागू पडली, सिस्टर." मी पुन्हा सगळं सांगितलं. खडा, गोळी, पाणी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पोटाचा मेंदूशी संबंध आहेच की."

आहे, म्हटलं. पुढे काय बोलावं ते सुचेना. दुपारीही पाणी द्या, असं सांगून फोन ठेवला.