आठांतल्या चार पेशी

थॉ केल्यावर, म्हणजे गोठवलेलं भ्रूण वितळवल्यावर, आठांतल्या चारच पेशी जिवंत होत्या. बाकीच्या काळपट, दाणेदार. आमच्या आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबी) केंद्रात आलेल्या एका जोडप्याचं हे शेवटचं भ्रूण, फलनानंतर तिसऱ्या दिवशी गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेलं.

आमच्या लॅबमध्ये अत्तर लावून येता येत नाही, आणि डिशवरचं नाव दोघींनी मोठ्यांदा वाचल्याशिवाय झाकण उघडत नाही. पहिल्या द्रावणातला एक मिनिट, पुढची दोन द्रावणं, सगळं घड्याळाबरहुकूम झालं होतं. तरी निम्म्या गेल्या. आमचे डॉक्टर सर म्हणाले, "सांगून टाकू त्यांना." मी म्हटलं, "सर, दोन दिवस ठेवू या."

भ्रूणाला दर्जा द्यायची आमची ग्रेडिंगची पद्धत पेशी मोजते, त्यांची कुवत मोजत नाही, याचा मला राग आहे. तार्कोव्स्की या भ्रूणशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये उंदराच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी मारली, तरी उरलेल्या एकीतून आख्खा उंदीर जन्मला. कुठल्या पेशीतून वार (प्लॅसेंटा) होणार आणि कुठल्या पेशीतून बाळ, हे तेव्हा पक्कं झालेलं नसतं. पुढे पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात. जिची एक बाजू उघडी राहते, तिच्यात याप नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं, सीडीएक्स-२ हे जनुक चालू होतं आणि ती वारेच्या वाटेला लागते. चहूबाजूंनी शेजारणींनी वेढलेल्या पेशीत याप केंद्रकाबाहेरच अडतं. बाळ तिच्या वंशातून घडतं.

माझी भीती वेगळीच होती. चार पेशींत आत जाणार कोण? चारही बाहेरच! आणि भ्रूणात पाणी भरून पोकळी व्हायची वेळ पेशी कमी आहेत म्हणून थांबत नाही. विभागणी होऊन काही पेशी आत ढकलल्या जाईपर्यंत ती वेळ आली, तर नुसता पोकळ फुगा उरतो, आत कुणीच नाही. उंदरांच्या सुट्या केलेल्या पेशींत हे पुष्कळदा दिसलंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेशींच्या सीमा पुसट झाल्या होत्या, म्हणजे त्या एकमेकींना बिलगल्या होत्या. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी लहानसा ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पोकळी झालेलं भ्रूण. मी मायक्रोस्कोपचा फोकस हळूहळू खाली नेला. आत एका कडेला पाच-सहा पेशींचा पुंजका होता. ग्रेड सी, म्हणजे खालचा दर्जा. सरांनी स्वतः येऊन पाहिलं आणि ट्रान्सफरला, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडायला, होकार दिला; एवढं मोठं मन मी फार थोड्या डॉक्टरांकडे पाहिलंय.

जिवंत राहिलेल्या चारांपैकी कुणाच्या लेकी आत गेल्या? भ्रूणाचे सतत फोटो काढणारा टाइम-लॅप्स इन्क्युबेटर असता तर कळलं असतं. आमच्याकडे नाही, आणि मागणी करून मी थकले.

ट्रान्सफरच्या आधी मी बाईंना आनंदाने सांगून बसले, "ताई, आत पाच-सहा पेशी दिसतायत." ते माझ्या तोंडून जायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही. अकराव्या दिवशी बीटा, म्हणजे गर्भधारणेची रक्ततपासणी, निगेटिव्ह आला. बाई फाइल न्यायला आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पाच-सहा होत्या ना हो?"

"होत्या, ताई," मी म्हटलं, आणि फोटोची प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली.