मारुती ८०० चे ब्रेक: जाम होणारं उजवं चाक अखेर मोकळं झालं!

कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) निर्दोष. चोर निघाला होज, म्हणजे कॅलिपरला ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी!

पुढचा उजवा ब्रेक सोडल्यावरही धरून राहत होता. मागच्या अपडेटपर्यंत नवे पॅड, कॅलिपरचं सील किट, पिनांना सिलिकॉन ग्रीस, सगळं झालं होतं. तरी जुना कात्रज घाट उतरलं की पुढच्या उजव्या रिमला हात लावता येत नव्हता, डावं मात्र कोमट. ब्रेक सोडला तरी गाडी क्षणभर उजवीकडे ओढायची. ‘कॅलिपर असेंब्लीच (अख्खा नवा कॅलिपर) टाक’ असा बहुतेकांचा सल्ला होता. नाना पेठेत भाव विचारला आणि गुपचूप घरी आलो.

या वेळी गाडी गरम असतानाच जॅकवर घेतली. चाक हाताने हलेना. ब्लीडर निप्पल (कॅलिपरवरचा हवा-ऑइल काढायचा स्क्रू) जरासा सैल केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं. म्हणजे पिस्टन आणि पिना जाम नाहीत, प्रेशर कुठेतरी अडकून राहतंय. निप्पल बंद करून पुतण्याला पेडल मारायला लावलं, चाक पुन्हा जाम. आता निप्पलला हात न लावता, लोखंडी पाइप जिथे होजला मिळतो तो वरचा नट सैल केला. चाक जामच! वरचं प्रेशर गेलं, खालचं तसंच. मध्ये उरतो फक्त होज.

बाहेरून ठणठणीत, एक चीर नाही. काढून ब्लेडने उभा चिरला तर आतलं रबर फुगून भोक टाचणीएवढं उरलेलं. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पलीकडे जातं, पण परत यायला जोर कुणाचा? पिस्टनला मागे ओढणारं ते एवढंसं सील!

तो नट साध्या फिक्स पान्याने उघडायला जाऊ नका, कोपरे गोल होतात. १० चा फ्लेअर नट पानाच (नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा) हवा. जुन्या बाजारातला माझा गंजका पाना हल्लीच्या चकचकीत स्वस्त सेटपेक्षा सरस आहे, त्या सेटचं तोंडच फाकतं. होजसाठी एका दुकानात बिनछापाचा माल पुढे केला, निम्म्याहून कमी भावात. नको म्हटलं. काटकसर करायला सीट कव्हर आहेत. कंपनीचा होज घेतला, तरी असेंब्लीच्या पावपट खर्च नाही.

डावा होज चालतोय म्हणून ठेवणार होतो. पण हे लिहिताना लक्षात येतंय, तोही त्याच वयाचा. उद्या तोही आणतो. मग पाइपात शिरलेली एअर काढायचीच आहे तर सगळं ब्रेक ऑइलच बदलू. टाकीतलं चहाच्या रंगाचं झालंय. डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश, पाणी शोषलं की १४० पर्यंत येतो. घाटासाठी डॉट ४ भरतो (२३० आणि १५५), दोन्ही ग्लायकॉलवालीच. सिलिकॉनवालं डॉट ५ मात्र यात चालत नाही.

मागच्या ड्रम ब्रेकचे शू लायनर (नवं घर्षण-अस्तर) मारायला द्यायचा बेत तूर्त पुढे. डाव्या व्हील सिलिंडरचं (शू ढकलणाऱ्या भागाचं) रबरी बूट ओलं दिसतंय. आधी त्याचं सील किट, मग लायनर, नाहीतर नवे लायनर तेलात भिजायचे. ड्रमही टर्निंगला (लेथवर आतून सपाट करायला) द्यायचेत. ड्रमवर कोरलेला मॅक्स व्यास वाचून मगच हत्यार लावणारा लेथवाला पुण्यात कुणाच्या माहितीत आहे का?