एमजीबीचा अपर-डिपर: स्विच बदलण्याआधी

‘एमजीबीच्या स्टिअरिंगखालचा इंडिकेटर-डिपरचा स्विच घरी बदलता येतो का? आणि नवा टाकला तरी तो लवकर का जातो?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बदलता येतो, एका दुपारचं काम आहे. लवकर जातो, त्यात दोष बहुतेक वेळा स्विचचा नसून त्याच्यावर टाकलेल्या ओझ्याचा असतो.

एमजीबी ही एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० बनली. सुरुवातीच्या गाड्यांत डिपरचा स्विच पायाशी होता, पुढे तो स्टिअरिंगखालच्या इंडिकेटरच्या दांडीवर आला. हे सगळं त्या दांडीवाल्या, क्रोम बंपरच्या गाड्यांबद्दल आहे. त्यांत हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही आणि फ्यूजही नाही. बॅटरीकडून तपकिरी वायर डॅशबोर्डवरच्या लाइटच्या स्विचला येते, तिथून निळी वायर दांडीत शिरते. दांडीतून निळी-पांढरी अपरला जाते, निळी-लाल डिपरला. म्हणजे दोन दिव्यांचा सगळा करंट त्या चिमुकल्या कॉन्टॅक्टमधून वाहतो. ६० वॅटचे दोन हॅलोजन बल्ब म्हणजे साधारण १० अँपिअर. कॉन्टॅक्ट जरा काळा पडला की तिथे विरोध वाढतो, विरोधानं तो तापतो, आणि तापला की आणखी काळा पडतो.

पण दांडी मागवण्याआधी तिचाच दोष आहे ना, हे बघा. इंडिकेटर बंद असतील आणि गाडीत हॅझार्डचा (चारही इंडिकेटर एकदम लावणारा) स्विच असेल, तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. इंडिकेटरचा पुरवठा त्याच्यातून फिरून येतो आणि वर्षानुवर्षं न दाबल्यानं त्याचे कॉन्टॅक्ट गंजतात. वीस-पंचवीस वेळा चालू-बंद करा. पुष्कळदा इंडिकेटर लगेच लागतात आणि दांडीचे पैसे वाचतात. हेडलाइट मंद असतील तर मल्टिमीटर घ्या. डिपर चालू ठेवून एक टोक दांडीत येणाऱ्या निळ्या वायरला लावा, दुसरं बाहेर जाणाऱ्या निळ्या-लाल वायरला. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर दांडी ठणठणीत आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर कॉन्टॅक्ट जळलेत. दांडी ठीक निघाली तर रेडिएटरजवळचे गोळीसारखे जोड आणि दिव्यांचं काळ्या वायरचं अर्थिंग तपासा. बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो, त्यामुळे हे दशांश किरकोळ समजू नका.

आता बदलणं. आधी बॅटरीची अर्थची केबल काढा. बहुतेक क्रोम बंपर गाड्यांत सीटच्या मागे, फरशीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. हा टप्पा गाळू नका. फ्यूज नसलेली वायर शॉर्ट झाली तर काहीच उडत नाही, सरळ वायरिंग जळतं. स्टिअरिंग काढायची गरज नाही. कॉलमवरचं प्लास्टिकचं कव्हर दोन भागांत आहे, त्याचे स्क्रू काढले की ते सुटतं. या स्क्रूंना पॉझिड्राइव्हचा ड्रायव्हर लागतो. साध्या फिलिप्सनं डोकं घासून गुळगुळीत होतं, मग रडत बसा. आत दांडी दोन स्क्रूंवर असते. वायरी सोडण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा, फिकट हिरवी-तपकिरी फ्लॅशरकडून, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीकडून येते. जांभळी-काळी हॉर्नची, पण हॉर्न सगळ्याच मॉडेलांत या दांडीवर नसतो.

बसवताना चाकं सरळ ठेवा. स्टिअरिंगच्या शाफ्टवर एक उंचवटा असतो, तो दांडीच्या दोन जिभांच्या बरोबर मध्ये यायला हवा. नाहीतर एका बाजूचा इंडिकेटर वळण संपल्यावर आपोआप बंद होतो, दुसऱ्या बाजूचा होत नाही, आणि लोक नव्या मालाला नावं ठेवतात. कव्हरचे स्क्रू हातानं टेकतील इतकेच आवळा. जुनं प्लास्टिक भोकापाशीच तडकतं.

जुनी दांडी फेकू नका. नव्यानं बनवलेल्यांचा दर्जा सारखा नसतो, त्यांच्या जिभा लवकर तुटतात. जुनी उघडायची तर प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा, कारण आतली बारीक स्प्रिंग आणि छर्रा उडून जातात. वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस पुसा, कॉन्टॅक्टवर १००० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवा. कानस लावू नका.

नवी असो की साफ केलेली, दांडी टिकवायची तर तिच्यावरचं ओझं काढा. ३० अँपिअरचे दोन रिले घ्या, एक अपरला, एक डिपरला. निळी-पांढरी आणि निळी-लाल आता दिव्यांकडे न नेता आपापल्या रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला द्या. ८५ अर्थ, ८७ दिव्यांकडे. ३० नंबरला बॅटरीकडून थेट जाड वायर, आणि प्रत्येक रिलेला स्वतंत्र २० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज वेगळे ठेवण्याचं कारण साधं आहे: रात्री वळणावर डिपरचा उडाला तरी दांडी ओढून अपर लावता येतो. यानंतर दांडीतून जातो तो फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, पाव अँपिअरच्याही आतला. शेवटी डिपर लावून मीटर बॅटरीवर आणि मग थेट बल्बच्या सॉकेटवर धरा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर कुठला तरी जोड अजून घाण आहे.