सांतो दोमिंगोचा लिहिता किल्लेदार

किल्ला म्हटला की आपले पाय आधी चढणीच्या तयारीला लागतात. कॅरिबियन बेटावरच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी सांतो दोमिंगो, तिथला किल्ला मात्र भर वस्तीत, सपाटीवर, ओसामा नदीच्या काठी आहे. (नदीचा उच्चार हाच, काय करणार!) काये लास दामास या जुन्या फरसबंद रस्त्याने चालत गेलं की थेट दरवाजाच लागतो. तिकीट काढून आत शिरलो, तर समोर हिरवळ आणि पलीकडे एक दणकट चौकोनी बुरूज, तोर्रे देल ओमेनाहे. निकोलास दे ओवांदो या स्पॅनिश गव्हर्नरने सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बांधून घेतला. प्रवाळाचा खडबडीत दगड, जाडजूड भिंती, अरुंद जिना आणि आत अशी कोंदट हवा की वर पोचेपर्यंत शर्ट चिंब. विसाव्या शतकात इथला सत्ताधीश त्रुहियो, त्याच्या हुकूमशाहीत इथे तुरुंग होता, हे त्या काळोख्या खोल्यांत सांगावंसुद्धा लागत नाही.

मला बुरुजापेक्षा हिरवळीवरच्या ब्राँझच्या पुतळ्यात रस होता. गोंसालो फेर्नांदेस दे ओविएदो, या किल्ल्याचा किल्लेदार. जन्म माद्रिदचा, १४७८चा. १५१४मध्ये आजच्या पनामाकडे आला तो सोनं वितळवण्याच्या कामावर राजाचा देखरेख अधिकारी म्हणून. १५३२मध्ये राजाने त्याला ‘इंडीज’चा, म्हणजे अमेरिकेतल्या स्पॅनिश मुलखाचा, बखरकार नेमलं आणि पुढच्याच वर्षी हा किल्ला हाती दिला. तोफा, दारूगोळा, भिंतींची डागडुजी ही त्याची रोजची नोकरी. शिवाय नगरसभेत बसायचं आणि गावाची गाऱ्हाणी घेऊन स्पेनला जायचं. १५५७मध्ये तो इथेच वारला. किल्ल्याच्या चाव्या मेल्यावरही त्याच्या मुठीत होत्या, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, माणसाला शोभते.

किल्ला म्हणून या किल्ल्याने फार मोठा पराक्रम गाजवला असंही नाही. १५८६मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक लुटीला आला तेव्हा त्याने नदीच्या मुखाशी झुंजायच्या भानगडीत न पडता पश्चिमेला हाइनाजवळ माणसं उतरवली, जमिनीवरून गाव घेतलं आणि २५,००० डुकाट (सोन्याची नाणी) खंडणी वसूल करूनच निघाला.

ओविएदोचा पराक्रम कागदावरचा. इंडीजवरच्या त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग १५३५मध्ये सेव्हिलमध्ये छापला गेला. त्यात झोळीसारखं टांगायचं हॅमॉक आहे, एकाच खोडातून कोरलेली होडी आहे, नाकपुड्यांना नळी लावून ओढायचा तंबाखूचा धूर आहे (हे व्यसन त्याला अजिबात पसंत नव्हतं). ताइनो, म्हणजे या बेटाचे मूळ रहिवासी, त्यांच्या खेळातला रबरी चेंडू आहे. जमिनीवर आपटला की आपणहून इतका उसळणारा चेंडू युरोपातल्या बहुतेक वाचकांच्या ओळखीचा नव्हता, त्यामुळे त्याची उसळी समजावून सांगताना बखरकाराची चांगलीच दमछाक होते. आणि अननस! त्याचं चित्र त्याने दिलंच, वर लिहिलं की हे फळ डोळे, नाक, जीभ आणि स्पर्श अशा चार इंद्रियांना सुखावतं. राहता राहिला कान, पण त्याला फळ काय करणार? एका अनोख्या झाडाबद्दल लिहिताना तर तो हात टेकतो आणि म्हणतो, इथे लिओनार्दो किंवा मांतेन्यासारखा चित्रकारच हवा. या दोघांना आपण इटलीत ओळखत होतो, हेही जाता जाता सांगून टाकतो. पुढे त्याच शतकात पोर्तुगीजांनी अननस आपल्या किनाऱ्यावर आणला. कोकणात जन्म गेला तरी हे फळ मूळचं या बाजूचं, हे माझ्या मनाला पटायला वेळ लागतोच.

फळाकडे इतक्या मायेने पाहणारा हा माणूस माणसांकडे मात्र तसं पाहत नाही. ताइनो आळशी, दुर्गुणी, असं तो बेधडक लिहितो. मूळ रहिवाशांची बाजू घेणारा स्पॅनिश धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास त्याच्यावर तुटून पडला तो उगीच नाही. तरीही आकडा लपवावा असं ओविएदोला वाटलं नाही. १५४८मध्ये त्यानेच नोंद केली की या बेटावर आता पाचशे मूळ रहिवासीही उरले नसतील. कारणं देताना खाणींतली मेहनत, मालकांची हाव आणि देवीची साथ हे तो सांगतो, आणि मग त्यांच्याच पापांचं फळ म्हणून हात झटकतो. मला त्याचा राग येतो, आणि तोच लिहून गेला नसता तर आपल्याला निम्मंही कळलं नसतं, म्हणून त्याला सोडूनही देता येत नाही.

हयातीत त्याला सगळा ग्रंथ छापलेला पाहता आला नाही. तो माद्रिदच्या इतिहास अकादमीने १८५१ ते १८५५ दरम्यान काढला, म्हणजे जवळजवळ तीन शतकांनी.

किल्ल्यातून बाहेर पडल्यावर किनाऱ्याच्या रस्त्याने पश्चिमेला चालत जा. तिथे समुद्राकडे तोंड करून, तोंडाशी हात धरून ओरडणारा एक प्रचंड पुतळा आहे, आंतोनियो दे मोंतेसिनोसचा. डिसेंबर १५११मध्ये याच गावात, प्रत्यक्ष गव्हर्नर दिएगो कोलोन (कोलंबसचा मुलगा) आणि बाकी अधिकारी समोर बसलेले असताना या डॉमिनिकन पंथाच्या साधूने व्यासपीठावरून ताइनोंबद्दल विचारलं होतं, ही माणसं नाहीत का? पुतळा मेक्सिकोने दिलेला, १९८२चा. भर दुपारी मात्र जाऊ नका, तिथे सावली नावाला नाही. आधी गार चिनोलाचा (पॅशनफ्रूटचा) रस प्या, ऊन उतरू द्या, मग निघा.