एकोणऐंशी आणि एकोणनव्वद

रविवार, रात्री साडेनऊ

आज वसतिगृहात जे ऐकले ते झोपण्याआधी लिहून ठेवतो, कारण उद्या सकाळी पतसंस्थेतल्या खतावण्या समोर आल्या की अशा गोष्टींची धार जाते. आठवड्याचे पाच दिवस कारकुनी, लग्नसराईतल्या रात्री डीजेच्या सुपाऱ्या आणि उरलेल्या वेळात अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण, असा माझा गेल्या तीन वर्षांचा क्रम आहे. हे तिन्ही एकमेकांना धक्का न लावता चालतात, असे मी लोकांना मोठ्या ऐटीत सांगत आलो होतो.

सोलापूरकडची एक मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने मला व्हरांड्यात गाठले आणि हसत विचारले, "दादा, शेतकऱ्यांच्या कर्जाचा तो कायदा कुठल्या साली झाला?" मी म्हणालो, अठराशे एकोणऐंशी. त्यावर ती म्हणाली, "मग तुम्ही आम्हाला एकोणनव्वद का सांगितलंत?"

प्रकार असा झाला होता. त्यांच्या महाविद्यालयातल्या सराव परीक्षेत तीन अंध विद्यार्थ्यांनी सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या दख्खनच्या दंग्यांवरच्या प्रश्नात तोच प्रसंग, तीच कारणे आणि तेच चुकीचे साल लिहिले होते. तिघांचे लेखनिक वेगळे होते आणि तिघे बसलेही वेगवेगळ्या खोल्यांत होते. तपासणाऱ्या सरांना प्रथम लेखनिकांचाच संशय आला, आणि तो येणे स्वाभाविक होते. आंधळ्या मुलांनी एकमेकांच्या वहीत डोकावून पाहिले असे तर कोणी म्हणू शकत नव्हते. चौकशीअंती तिन्ही उत्तरांचा उगम एकच निघाला, आणि तो उगम म्हणजे माझा आवाज.

मुलीला या सगळ्याची गंमत वाटत होती. मला वाटली नाही. मी तिला विचारले की ती फाइल आणखी कोणाकोणाकडे गेली आहे. ती म्हणाली, "आता ते कसं सांगणार? नाशिकच्या मैत्रिणीला मी दिली, तिने पुढे कुणाला दिली असेल."

घरी येऊन मी ते मुद्रण ऐकले. फाइलवर वेळ पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांची आहे, म्हणजे ती रात्र कोणती ते लगेच आठवले. हळदीच्या कार्यक्रमाहून दोनच्या सुमाराला परतलो होतो, कानात ठोके चालूच होते, झोप येत नव्हती, आणि बाहेर इतकी शांतता होती की ती वाया घालवणे जिवावर आले. प्रकरण मी ओळीने वाचत गेलो आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, आपल्या कापसाची मागणी घसरली, शेतसारा मात्र वाढलेलाच राहिला, सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. इथपर्यंत आवाज बरा आहे. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला, त्यानंतर कायदा झाला, आणि तिथे मी अत्यंत ठामपणे, एखाद्या निवेदकाच्या थाटात, "अठराशे एकोणनव्वद" म्हणतो. अडखळलो असतो तर ऐकणाऱ्याला निदान शंका तरी आली असती.

मराठीत हा खड्डा जुनाच आहे. एकोण म्हणजे एक उणा; डोळ्यांपुढे सात आणि नऊ असताना जिभेला पुढच्या दशकाचे नाव घ्यावे लागते, आणि पेंगुळलेला मेंदू त्या पायरीवर हमखास एक पायरी जास्त चढतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला "वीस एक" म्हणण्याची पद्धत आली, तेव्हा तिची टर उडवणाऱ्यांत मीही पुढे होतो. "सत्तर नऊ" म्हणालो असतो तर आज ही पाळी आली नसती, एवढे आता कबूल करतो.

मंगळवार, पहाटे सव्वापाच

दुरुस्तीचे वाचन आज करायचे ठरवले होते. त्यासाठी काल रात्री दहालाच झोपलो, आणि असे झोपणे लग्नसराईत मला चैनीसारखे वाटते.

माझा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचे कपाट. त्याची दारे उघडी ठेवून त्यांवर आईच्या दोन गोधड्या टाकतो आणि तोंड कपड्यांकडे करून बसतो, म्हणजे भिंतींवरून आवाज उलटून येत नाही. माईक कार्यक्रमांतलाच आहे, ज्यावर रात्री "मामा लोकांनी पुढे यावे" असे ओरडले जाते तोच. त्याच्यापुढे भरतकामाच्या रिंगवर ताणलेले पातळ कापड धरले की प, फ आणि भ यांचे फटके लागत नाहीत. पंखा बंद, फ्रिजचे बटण बंद, आणि दूधवाल्यांच्या गाड्या सुरू होण्याआधीचा तास-दीड तास हाच खरा कामाचा वेळ. नकाशा आला तर तो शब्दांत सांगायचा, तक्ता आला तर आडवा की उभा वाचतो आहोत ते आधी सांगायचे, आणि प्रत्येक पानाचा क्रमांक उच्चारायचा. हा शेवटचा नियम मला या मुलांनीच शिकवला. वर्गात शिक्षक "पान ११२ काढा" म्हणतात तेव्हा बाकीची मुले पान उलटतात आणि यांना माझ्या दीड तासाच्या फाइलमध्ये ते पान शोधावे लागते.

सुरुवातीला मला एक भीती होती की प्रकाशकाच्या परवानगीवाचून असे वाचणे गुन्हा ठरेल. वसतिगृहाच्या गृहपाल बाईंनी समजावले की २०१२ च्या दुरुस्तीपासून स्वामित्व हक्काच्या कायद्यातच अपंगांसाठी, नफा न घेता, सुलभ प्रत तयार करण्याची मुभा आहे. कायदा माझ्या बाजूने असलेले हे माझे बहुधा एकमेव ध्वनिकार्य असावे.

आज एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली आहे. मुद्रण ऐकताना मला मागे एक बारीक, सतत सुरू असलेली सुंऽऽ जाणवली. वायर बदलली, माईक बदलला, लॅपटॉप चार्जरवरून काढून पाहिला, तरी ती जाईना. शेवटी हेडफोन काढून ठेवला आणि ती सुंऽऽ तशीच चालू राहिली. ती मुद्रणात नव्हती. माझ्या कानात होती.

कानांच्या बाबतीतला हिशेब मला तोंडपाठ आहे, कारण आमच्या धंद्यातल्या पोरांना मीच तो ऐकवत असतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. टॉपच्या, म्हणजे डीजेच्या मोठ्या स्पीकरच्या, शेजारी उभे राहणारा माणूस पंधरा मिनिटांत काय करणार? कानात घालायच्या बुचांची डबी माझ्या खिशात असते, पण यजमान जवळ येऊन काही सांगू लागले की बुचे काढावी लागतात आणि मग ती पुन्हा घालायचे राहून जाते. आजवर हा प्रश्न मी धंद्यातला जोखीमभाग म्हणून बाजूला सारला होता. आता त्याला दुसरी बाजू आली. ज्या कानाने मुद्रण स्वच्छ आहे की नाही हे ठरवायचे तो कानच खोटी साक्ष देऊ लागला, तर मुलांना मी काय देतो आहे हे मला कळणार कसे?

शुक्रवार, रात्री पावणेदोन

सासवडच्या पुढे एका लॉनवर हळद होती. उघड्यावरचा कार्यक्रम, त्यामुळे रात्री दहाची मर्यादा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचे हे कलम आता लहान मुलालाही माहीत आहे, तरी दहाला पाच कमी असताना नवऱ्या मुलाचे चुलते आलेच: "भाऊ, एकच लावा, शेवटचं." मी नम्रपणे नाही म्हणालो. ते म्हणाले, पैसे आम्ही देतो आणि घड्याळ पोलिसांचे का? यावर मी दरवेळी एकच करतो, पाच मिनिटे आधीपासून आवाज हळूहळू उतरवत आणतो, म्हणजे बंद झाल्याचा धक्का बसत नाही. आज तेही जमले नाही. चुलते मिक्सरपाशीच उभे होते.

लोकांना वाटते, दहाला वाजवणे थांबले म्हणजे डीजे साडेदहाला घरी. प्रत्यक्षात दोन टॉप, दोन बेस, अॅम्प्लिफायर, दिव्यांचे स्टँड आणि हळदीने पिवळ्या झालेल्या वायरींची भेंडोळी छोट्या हत्ती टेम्पोत भरेपर्यंत साडेअकरा होतात. उरलेले पैसे देणारा माणूस नेमका जेवायला बसलेला असतो. मग दिवे घाट, हडपसर, सामान उतरवणे, मदतनीस पोराला त्याच्या गल्लीत सोडणे. वाजवायचे चार तास आणि ओझ्याचे सात, असा हा धंदा आहे, आणि माझी झोप जाते ती ओझ्यापायी.

आज एक जोडणी चुकली. दोन गाण्यांचे ठोके जुळवताना मी पाव मात्रेने मागे राहिलो आणि दोनएक सेकंद अगदी बैलगाडीसारखी खडखड झाली. नाचणाऱ्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. पुढचा ठोका पडला की मागचा पुसला जातो, या भरवशावर मी बारा वर्षे वाजवत आलो आहे, आणि या भरवशामुळेच थकलेल्या शरीराने काम करण्याची सवय लागली असावी. वाचनात तसा पुढचा ठोका येत नाही. एकदा उच्चारलेले एकोणनव्वद नाशिकच्या मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये आजही तितक्याच ठामपणे वाजते आहे.

याच रस्त्याने पुढे गेले की जेजुरी, मोरगाव आणि मग सुपे. दोन वर्षांपूर्वी मी सुप्याला एक वरात वाजवली आहे. बाजारपेठेतून गाडी जाताना तिथे एके काळी कागद जळले होते हे मला माहीत नव्हते. मला फक्त रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आठवतात.

रविवार, दुपारी तीन

काल शनिवारची सुपारी मी दुसऱ्या एका डीजेवाल्याकडे वळवली. विसार परत केला. घरात नापसंती व्यक्त झाली आणि ती रास्त होती, कारण पौष लागला की महिनाभर लग्ने जवळजवळ बंद होतात आणि गाडीचा हप्ता मात्र पौष पाळत नाही. दर शनिवारी असे करणे परवडणारे नाही. तेव्हा मी एवढेच ठरवले आहे की कार्यक्रमाहून आल्यावर त्या रात्री माईकपुढे बसायचे नाही, शांतता कितीही सुंदर असली तरी. यामुळे वाचनाचा वेग निम्म्यावर येईल. तसे मी गृहपाल बाईंना सांगितले. त्यांनी राज्यशास्त्राचे पुस्तक दुसऱ्या कोणाला देण्याची तयारी दाखवली, आणि मला थोडा हेवा वाटला, हे लिहायला हरकत नाही.

या कामाला लोक सेवा म्हणतात तेव्हा मला संकोच होतो. मी जे रात्री वाजवतो ते कोणी ऐकत नाही, सगळे त्यावर नाचतात. आणि मी जे पहाटे वाचतो ते कोणीतरी कान लावून, थांबवून, मागे नेऊन ऐकते. माझ्याइतक्या हौशी माणसाला ही लालूच लहान नाही.

दुरुस्तीबद्दल मुलीशी सविस्तर बोललो. पूर्ण प्रकरण नव्याने वाचून जुन्या नावाने पाठवावे असा माझा विचार होता. तिने तो मोडीत काढला. ज्यांच्याकडे जुनी फाइल आहे ते नवी दीड तासाची कशाला उतरवून घेतील, असे तिचे म्हणणे. त्यापेक्षा एक छोटी फाइल करा, नावातच "चूक" हा शब्द घाला, म्हणजे फोन ते नाव वाचून दाखवेल तेव्हा प्रत्येक जण आधी तीच उघडेल. "दुसऱ्याची चूक ऐकायला सगळ्यांना आवडतं, दादा." मग तिच्याच खोलीत, खिडकी लावून, तिच्याच मोबाइलवर मी ती वाचली: पान क्रमांक, मूळ वाक्य, चुकलेले साल, बरोबर साल. साल दोन प्रकारे सांगितले, आधी अठराशे एकोणऐंशी आणि मग सुटे आकडे, एक, आठ, सात, नऊ. एकूण बावन्न सेकंद. तिच्या माहितीतल्या सगळ्यांना ती लगेच गेली, नाशिकलाही.

मी तिला कानातल्या सुंऽऽबद्दलही विचारले, म्हणजे माझ्या जुन्या मुद्रणांत तसा काही आवाज मागे येतो का. तिने दोन फाइली लावल्या. त्या ती दुपटीहून जास्त वेगाने ऐकते. स्वर चढत नाही, फक्त शब्द पळतात. आम्ही गाण्याचा वेग बदलताना स्वर जागेवर धरून ठेवणारे बटण वापरतो, तीच ही युक्ती, पण त्या वेगात मला माझेच एक वाक्य कळले नाही. तिने शांतपणे ऐकून सांगितले की मागे काही नाही, एका ठिकाणी कुत्रे आहे आणि एका ठिकाणी तुम्ही जांभई गिळली आहे. पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

निघताना तिने बावन्न सेकंदांची फाइल पुन्हा एकदा लावून पाहिली. तिच्या वेगात ती पंचवीस सेकंदांच्या आत संपली. "बरोबर आहे," ती म्हणाली, "पण दादा, केवढं सावकाश वाचलंय."